मधली गल्ली

पोवई नाक्यावर, सकाळी सव्वासहाला,
पेपरवाला गठ्ठ्यांच्या सुतळ्या सोडत होता तेव्हा
मी दुसरा गिअर टाकला
आणि खर्रर्र...
टपरीवरची सगळी माणसं एकदम वळली,
भर चौकात मी कुणाला शिवी घातल्यासारखी.

शिकलगार मामा बोलले काहीच नाहीत.
फक्त डोळे मिटून घेतले,
आपल्याच दाढेवरून कुणी कानस फिरवावी तसे.

बोगद्याच्या अलीकडे गाडी बाजूला घ्यायला लावली.
किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली.
"आमचा आज्जा विळ्या, कोयते, अडकित्ते घेऊन बसायचा साणेवर.
लोखंड घासून चार घरं जगली आमची.
पण ते धार यावी म्हणून, ताई.
तुम्ही कशापायी घासताय?"

मग बंद गाडीत, क्लच दाबून, नुसतेच गिअर.
पहिला, दुसरा, तिसरा, चौथा.
परत पहिला.
फिरायला निघालेली म्हातारी माणसं काचेतून बघत गेली:
एक बाई, न हलणाऱ्या गाडीत, घाम पुसत.

"ही मधली गल्ली हाय बघा.
ह्या घरातनं त्या घरात जाताना
हिच्यात श्वासभर थांबायचं.
आत चाकं फिरत असत्यात, एक भराभर, एक सावकाश.
एकमेकाच्या चालीवर येऊ द्या त्यास्नी.
मग दार उघडंच असतंय.
ढकलायचं न्हाई."

मी सिव्हिलच्या लॅबमध्ये वीस वर्षं रक्त काढते.
तान्ह्या पोराचीही शीर पहिल्या टोचणीत सापडते मला.
हाताला थांबणं शिकवायचं मला?
तरी आठव्या दिवशीही खर्रर्र.
नवव्या दिवशीही.
घरी मुलगा म्हणाला, "आई, तू रिक्षानंच जा."
मी पोळी लाटत राहिले, जरा जास्तच पातळ.

दहाव्या दिवशी मामा खाली उतरले,
गुडघ्यावर बसले, पेडलखाली हात घातला
आणि ओढून काढलं
जुन्या इरकलीचं, चार पदरी, मीच शिवलेलं पायपुसणं.
गाडीत माती नको म्हणून घातलेलं.
सरकत सरकत क्लचखाली जाऊन बसलेलं, दोन बोटं जाड.
"तळाला जातच नव्हता की ओ!"
इतके हसले की कवळी सुटली.
ती रुमालात धरून, बोळक्या तोंडानं म्हणाले,
"दातांची किंमत माज्याकडनं शिका."

यवतेश्वरच्या घाटात
पुढे दुधाचा टेम्पो, वळणावर रांगणारा.
तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यायचं होतं.
क्लच, अगदी तळापर्यंत.
मधल्या गल्लीत सोडला, क्लचवरचा पाय क्षणभर उचलला,
ॲक्सिलरेटर इवलासा, चिमटीत मीठ घ्यावं तेवढा.
पुन्हा क्लच.
आणि गिअर.

काही वाजलंच नाही.
मी मामांकडे बघितलं, ते बाहेर बघत होते.
खाली सातारा अर्धा धुक्यात, अर्धा उन्हात,
आणि मला वाटलं गिअर पडलाच नाही,
पण गाडी तर चढत होती.

उतरताना एवढंच म्हणाले,
"रिव्हर्स मात्र गाडी पुरती उभी ऱ्हायल्याबिगर न्हाई.
आन् न्हाईच गेला तर भांडू नका त्याच्याशी.
एकदा दुसऱ्याला शिवून या, मग मागा. देतोय तो."
फी मोजून घेतली. पन्नास परत दिले,
"पायपुसण्याचे."

आता सदर बझारच्या रस्त्यावर
लॅबच्या खिडकीखाली कुणीतरी नवशिका
गिअर टाकतो, खर्रर्र,
आणि माझे डोळे आपोआप मिटतात,
हातात सुई तशीच धरलेली, हवेत.
समोरचा पेशंट बाही वर करून बसलेला,
घाबरत विचारतो,
"मॅडम, तुम्हाला दुखलं का?"